आधी पाते, मग पंप

वेलीच्या बुडाशी तांबूस डिंक दिसला की आपला हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो. दुकानदार एक आंतरप्रवाही बुरशीनाशक देतो, आठवड्याने दुसरे देतो, आणि फळ भरायच्या ऐन दिवसांत वेल माना टाकते. बाजारासाठी डांगर लावणाऱ्याला एक वेल गेली तरी फारसे बिघडत नाही. पण वेलीवर एकच फळ राखून वजनाच्या मागे लागलेल्याचे तेवढ्यात सगळे संपते. मग तो मांजरीचा बागायतदार असो की कोथरूडच्या गच्चीवर ड्रममध्ये वेल वाढवणारा हौशी.

ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडच्या पेटन बंधूंच्या भोपळ्याने 1278.8 किलो वजन देऊन जागतिक विक्रम केला. भराच्या दिवसांत असे फळ दिवसाला वीस किलोच्या आसपास वाढते आणि त्यासाठी लागणारे सारे पाणी नि अन्न एका देठातून जाते. हे परदेशी वेड म्हणून सोडून देऊ नका. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. जात वेगळी, कडू भोपळ्याची; पण मोठे फळ शेवटपर्यंत वेलीवर टिकवायचे ही अडचण तीच. देठ अर्ध्यावर कुजला तर ते फळ वाद्याच्या कामाचे उरत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात तंबोरे जुळवताना पाहणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना देठाची ही चिंता माहीत असेल?

डिंक ही खूण आहे, रोगाचे नाव नव्हे. डिंक्या या बुरशीजन्य रोगात खोडावर आधी पाणी मुरल्यासारखा पट्टा येतो, मग तो राखाडी पडतो आणि त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके उठतात. पानेही कडेने करपतात. पुण्यातला श्रावण, म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपास तापमान आणि दिवसभर ओली पाने, या बुरशीला अगदी मानवतो. मात्र डिंकाशेजारी छिद्र आणि भुसा दिसला तर आत वेल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आहे. तिथे बुरशीनाशक ओतून काय होणार? फांदी उभी चिरल्यावर आतल्या शिरा तपकिरी निघाल्या तर ती मर, आणि मर झालेली वेल उपटणेच बरे. पोकळ बुडातून फेसाळ, आंबूस वासाचे पाणी येत असेल तर जिवाणू शिरले आहेत. निदानाला पाच मिनिटे लागतात. ती आपण देत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

कूज वरवरची असेल तर कोरडा दिवस गाठा. स्पिरिटने पुसलेल्या पात्याने सडका भाग निरोगी हिरवा-पांढरा गाभा लागेपर्यंत खरवडा, आणि दर कापाला पाते पुन्हा पुसा. जखमेत पाणी साचेल अशी खोबण ठेवू नका. खोड पोकळ असेल तर खालच्या अंगाला निचऱ्याची वाट करा. मग वारा लागू द्या. गच्चीवर साधा टेबलफॅनही चालतो. जखम सुकल्यावरच पेस्ट. परदेशी उत्पादक कॅप्टान लावतात. आपल्याकडे बोर्डो पेस्ट घरी होते: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. ती फक्त कापावर लावा, कोवळ्या पानांना तांब्याने चटका बसतो. शेण, माती किंवा प्लास्टिकची पट्टी जखमेवर बांधणे ही माया नव्हे, आत ओल कोंडणे आहे. वर पत्र्याचा तुकडा उंच धरला आणि बाजू मोकळ्या ठेवल्या की पुरे. ठिबकची तोटी खोडापासून हातभर लांब सरकवा.

देठ फाटणे हे मात्र निराळे प्रकरण, तिथे रोग नसतोच. फळाचे खांदे वर येतात, वेल वर ढकलली जाते, पण शेजारच्या पेरांच्या मुळांनी ती जमिनीला खिळलेली असते. ताण येतो तो देठावर. म्हणून फळ धरताच दोन्ही बाजूंच्या दोन-तीन पेरांची मुळे तोडा, आणि फळ वेलीशी काटकोनात येईल असे दिवसाला थोडेथोडे वळवा. हे काम दुपारी करायचे, वेल उन्हाने मऊ पडल्यावर. सकाळी ती काकडीसारखी कडकन मोडते. ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी, वर युरियाचा डोस, हा तर फाटण्याचा हमखास रस्ता.

फवारणी नकोच असे म्हणणे नाही. पण अमेरिकेत 2000 नंतर डिंक्यावर अॅझोक्सिस्ट्रोबिन निष्प्रभ ठरल्याच्या नोंदी झाल्या, त्या एकाच गटाचे औषध पुनःपुन्हा मारल्यामुळे. गट बदला, लेबलवर वेलवर्गीय पीक आहे का ते वाचा, आणि त्याच जागी किमान दोन वर्षे भोपळावर्गीय काही लावू नका. रोगट वेलींचा पाला शेताबाहेर काढा. बांधावर ढीग करून ठेवू नका.

एक विनंती. हा रोग बियातूनही जातो. डिंक्या आलेल्या वेलीचे फळ कितीही मोठे झाले तरी त्याचे बी राखू नका, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका.