देहदानाच्या अर्जात मेंदूचा रकाना हवा

ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात तिथली धूळ चुंबकाने गोळा करून भिंगाखाली ठेवली, तर लोखंडाचे गुळगुळीत, गोल कण दिसतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना मी हे मुलांना दरवर्षी दाखवायचो. वितळलेला धातू हवेत उडाला आणि उडता उडता थिजला, की तो असा गोल होतो.

2016 मध्ये ब्रिटनच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा मेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच गोल कण माणसाच्या मेंदूत असल्याचं प्रसिद्ध केलं. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या 37 मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने त्यांनी तपासले होते. कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे होते आणि आकाराने 150 नॅनोमीटरपर्यंतच. मेंदूत मॅग्नेटाइट असतं हे 1992 पासून ठाऊक होतं, पण शरीरात तयार होणारे स्फटिक कोनदार असतात. हे कण गोल होते आणि त्यांच्यासोबत प्लॅटिनम, निकेल, कोबाल्ट सापडले. गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम वापरतात, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. हे कण बाहेरच्या हवेतून आले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

इतका बारीक कण नाकातून गंधाच्या मज्जातंतूवाटे थेट मेंदूत पोहोचू शकतो. तिथे लोहामुळे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, आणि अशी इजा अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळते. तरीही या कणांमुळेच अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेलं नाही. आजारी मेंदूत लोह साचतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवणं अवघड आहे. एके काळी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना असंच आरोपी केलं गेलं आणि पुढे तो आरोप टिकला नाही. म्हणून घाईने निकाल नको. पण तपास तर हवाच, कारण श्वासातून गेलेला धातू मेंदू बिघडवू शकतो हे एका धातूच्या बाबतीत पक्कं माहीत आहे. मँगनीजच्या भुकटीत काम करणाऱ्या मजुरांची चाल बिघडल्याची नोंद कूपर नावाच्या डॉक्टरने 1837 मध्ये ग्लासगोत केली होती. मँगनीजच्या खाणी आपल्या नागपूर-भंडाऱ्यातही आहेत.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आयुष्यभर गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करत होते. ड्रम उघडला की आधी एअर मारायचा, धुळीचा लोट उठायचा, मग लायनर बदलायचे. शेवटच्या वर्षांत त्यांना घरचे लोक ओळखू येईनासे झाले. त्या धुळीमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही देहदान केलं. संशोधनासाठी मेंदू वेगळा देता येतो, हे मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नाही. डॉक्टरांना मी ब्रेकच्या धुळीबद्दल विचारलं, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, “सर, हे सांगायला आपल्याकडे पुरावाच नाही.”

पुरावा मिळायचा तर मेंदू हवेत. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या ऊतींची पेढी 1995 पासून आहे. पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढावा लागतो. शिवाय धातूंच्या तपासणीसाठी साध्या स्टीलच्या सुरीचा स्पर्शही नमुना दूषित करू शकतो. चिपळूण किंवा गोंदियातल्या कुटुंबाने इच्छा असूनही काय करावं? महाराष्ट्राच्या प्रत्येक विभागात किमान एका वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आणि प्रशिक्षित माणसं हवीत. निरोगी माणसांचेही मेंदू हवेत, कारण त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आजारी मेंदूतलं काही कळत नाही. आणि प्रत्येक नमुन्यासोबत कामाचा इतिहास नोंदवलेला हवा: कोल्हापूरच्या फाउंड्रीतला कामगार, चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, वेल्डर, शेतकरी, गृहिणी.

निकाल येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. हवेतली 2.5 मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, म्हणजे पीएम 2.5, वजनात मोजतात. 2.5 मायक्रॉनच्या एका कणाइतकं वजन व्हायला त्याच पदार्थाचे 100 नॅनोमीटरचे पंधरा हजारांहून जास्त कण लागतात, म्हणजे सर्वांत बारीक कण त्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून कणांची संख्या आणि त्यांतले धातूही नियमित मोजले पाहिजेत. युरोपीय संघाने 2024 मध्ये मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. आपल्याकडेही ती यावी. आणि गॅरेजमालकांनी ब्रेकवर एअर मारणं आजच बंद करावं. ओल्या फडक्याने पुसलं तरी काम होतं.

सरकारकडे माझी पहिली मागणी साधी आहे: देहदानाच्या अर्जात मेंदूदानाचा स्वतंत्र रकाना छापा आणि भरणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगा. मी माझा मेंदू द्यायचं ठरवलं आहे, मुलांनाही तसं सांगून ठेवलं आहे. चाळीस-पन्नास वर्षं गॅरेजच्या हवेत श्वास घेतलेल्या माणसांनी पुढे यावं. आपल्या कामाने आपल्या मेंदूचं काय केलं, हे जाणून घेण्याचा हक्क पुढच्या मेकॅनिकला आहे आणि त्याचं उत्तर आपल्याकडूनच मिळू शकतं.