जाड पत्र्याला नुसता कडक रिव्हेट हे उत्तर नव्हे

जाड किंवा जास्त ताकदीच्या पत्र्याचे काम आले आणि रिव्हेट बसेना, की आपल्या वर्कशॉपमध्ये दोनच उपाय सुचवले जातात: प्रेसचा दाब वाढवा, नाहीतर रिव्हेट आणखी कडक करून आणा. आमच्या मते नुकसानीची सुरुवात इथेच होते.

हा रिव्हेट नेहमीचा नव्हे. याला आधी ड्रिलने भोक पाडावे लागत नाही. याचा पाय नळीसारखा पोकळ असतो. पंचाने दाबला की तो वरचा पत्रा कापतो आणि डायच्या आधाराने खालच्या पत्र्यात फाकून अडकतो. खालचा पत्रा आरपार फुटत नाही. अॅल्युमिनियमला स्पॉट वेल्डिंग अवघड जाते. म्हणून १९९४ च्या ऑडी ए-८ पासून २०१५ च्या फोर्ड एफ-१५० पर्यंत अनेक गाड्यांच्या सांगाड्यात हीच पद्धत वापरली गेली.

अडचण अशी की जाड पत्रा आणि कडक पत्रा यांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. पत्रा जाड असेल तर कापलेली चकती सामावण्यासाठी रिव्हेटची पोकळी मोठी हवी. ती भरून गेली की सांधा नीट बसत नाही. पत्रा कडक असेल तर पायाची भिंत जाड हवी, नाहीतर पाय आत शिरण्याआधीच दबतो, वाकतो. भिंत जाड केली की पोकळी लहान होते. पाणी देऊन रिव्हेट फार कडक केला, तर फाकताना पाय तडकतो. शिवाय फार कडक रिव्हेटवर स्वस्तातले इलेक्ट्रोप्लेटिंग केले, तर पोलादात हायड्रोजन शिरून बसवलेला रिव्हेट काही दिवसांनी आपोआप तुटू शकतो. तोपर्यंत माल पार्टीकडे पोहोचलेला असतो.

म्हणून रिव्हेट बदलण्याआधी पत्र्यांचा क्रम बघा. पातळ वर, जाड खाली. कडक वर, मऊ खाली. खालचा पत्रा एकूण जाडीच्या निदान एक-तृतीयांश असावा. मग डाय निवडा. खोल डायमध्ये पाय जास्त फाकतो, पण खालचा पत्रा फाटण्याचा धोकाही वाढतो. दाबाचा विचार सर्वांत शेवटी.

वरून सुबक दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो, हे कितीही मुरलेल्या उस्तादाच्या डोळ्याला दिसत नाही. सांधा मधोमध कापा, घासून गुळगुळीत करा आणि भिंगाखाली तीन गोष्टी पाहा: डोके पत्र्याला टेकले आहे का, पाय दोन्ही बाजूंना सारखा अडकला आहे का, आणि खाली पत्रा किती उरला आहे. याला करवत, पॉलिश पेपर आणि थोडा वेळ लागतो.

कारखानदार बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, नमुना कापल्याशिवाय भाव देऊ नका. पत्र्याची जाडी आणि ताकद पार्टीकडून लेखी घ्या, नमुन्याचा खर्च भावात धरा. गरम साच्यात घडवून कडक केलेला, सुमारे १,५०० मेगापास्कल ताकदीचा पत्रा असेल, तर साधा रिव्हेट चालणार नाही हे स्पष्ट सांगा. एक काम नाकारल्याने धंदा बुडत नाही. परत आलेला लॉट मात्र छोट्या वर्कशॉपची वर्षाची कमाई घेऊन जातो.