भावना आपली नसेल, पण जबाबदारी आपलीच

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने याच आशयाचे ‘एसबी ४०३’ हे विधेयक संमत केले. परंतु प्रचलित कायद्यांत अशा भेदभावास आधीच मनाई आहे, असे सांगून गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. त्या विधेयकाचा प्रवास तेथे थांबला. त्यामागील नैतिक प्रश्न मात्र कायम आहे: मनात आपोआप उमटणाऱ्या भावनेसाठी माणसाला दोष देता येईल काय?

पूर्वग्रह ही निव्वळ तर्कातील चूक नसते. तिच्या मुळाशी किळस, भय आणि आपल्या माणसांत सुरक्षित राहण्याची ओढ असते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केल्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाणी होते तसेच होते. विटाळ होता तो मनात.

ही किळस कोणी विचारपूर्वक स्वीकारत नाही. घरात एखाद्यासाठी वेगळा ठेवलेला कप मुलाला जे शिकवतो, ते त्याला प्रश्न विचारता येण्यापूर्वीच अंगवळणी पडलेले असते. म्हणून पहिल्या भावनेला पाप म्हणणे अन्यायाचे ठरेल. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये येथेच एक मोलाचा भेद केला. अपुऱ्या माहितीवर मत बनवणे हा मनुष्यस्वभाव आहे. नवी माहिती समोर येऊनही ते मत बदलत नाही, तेव्हाच त्याला पूर्वग्रह म्हणावे. नैतिक दोषाचा आरंभही तेथेच मानावा लागेल. भावना वारशाने येते. ती जपणे किंवा तपासणे ही आपली निवड असते.

विधेयकाच्या विरोधकांची एक भीती समजून घेण्याजोगी होती. अशा कायद्यामुळे साऱ्या भारतीयांकडे, विशेषतः हिंदूंकडे, संशयाने पाहिले जाईल, असे त्यांना वाटत होते. केवळ नावावरून पारखले जाण्याचे दुःख परदेशात राहणारा माणूस जाणतो. नेमक्या याच जाणिवेमुळे आपली जबाबदारी वाढते. गणेशोत्सवात नवख्या पाहुण्याला आपण आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो. उत्तर ऐकून आपला स्वर किंचित बदलला, तर त्याची दखल कोणताही कायदा घेऊ शकत नाही. समोरच्या माणसाला मात्र तो बदल अचूक ऐकू येतो. आपल्यालाही तो ऐकू यावा, एवढी अपेक्षा आपण स्वतःकडून ठेवलीच पाहिजे.