टॅबवर पीडीएफ नोट्स काढताय? ॲपआधी फाइल तपासा

जालना : राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायासमोरचे गोळे काळे करण्याऐवजी आता पानेच्या पाने उत्तरे लिहायची आहेत. म्हणजे स्वतःच्या नोट्स काढणे आलेच. दुसरीकडे ‘महाज्योती’च्या जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी प्रशिक्षण योजनेत विद्यार्थ्यांना मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देण्याची तरतूद आहे. आर्थिक पाहणी, लोकराज्य, जुन्या प्रश्नपत्रिका, क्लासचे हँडआउट हे सगळे पीडीएफमध्येच येते. त्यामुळे गांधी चमन परिसर असो की कुंडलिकेपलीकडचा नवा जालना, टॅब घेऊन अभ्यासिकेत बसणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पीडीएफवर खुणा करायला कोणते ॲप चांगले?

त्याआधीचा एक प्रश्न मात्र राहून जातो. टॅब बिघडला, परत द्यावा लागला किंवा ॲपचे पैसे भरणे थांबले, तर वर्षभराच्या खुणा सोबत येणार का?

खूण नेमकी कुठे बसते?

पीडीएफ ही ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेली पद्धत. २००८ मध्ये ती आयएसओचे खुले मानक झाली. पानावरच्या खुणा कशा साठवायच्या, हेही या मानकात ठरलेले आहे. हायलाइट, पेनची रेघ, बाजूची टीप यांपैकी काहीच मूळ मजकुरात मिसळत नाही. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर लिहावे, तसे ते वरच्या वेगळ्या थरावर राहते.

ॲपने हा थर मानकाप्रमाणे त्याच फाइलमध्ये साठवला, तर फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडली तरी खुणा दिसतात, बहुतेक वेळा बदलता आणि पुसताही येतात. ॲक्रोबॅट रीडर आणि झोडो या प्रकारातली. गुडनोट्स, नोटॅबिलिटी, सॅमसंग नोट्स यांची रीत वेगळी. ती पीडीएफ आधी स्वतःच्या वहीत ओढून घेतात आणि खुणा त्या वहीत राहतात. हाताने लिहायला ही ॲप जास्त सुखाची, यात वाद नाही. पण डाउनलोडमधली मूळ फाइल कोरीच राहते. नोट्स बाहेर हव्या असतील तर दरवेळी एक्स्पोर्ट करून नवी पीडीएफ काढावी लागते. हे अनेकांना टॅब फॉरमॅट केल्यावर कळते.

ॲपचे नियमही कायम राहत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोटॅबिलिटीने एकरकमी किंमत बंद करून वर्गणी सुरू केली. आधी पैसे मोजलेल्या ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर जुन्यांना सवलत द्यावी लागली. एकेकाळी पूर्ण मोफत असलेल्या झोडोमध्येही आता काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात घरोघरी वापरले जाणारे कॅमस्कॅनर होते.

मराठी फाइल हायलाइट का होत नाही?

इथे खरी अडचण ॲपची नसून फाइलची असते. साधी चाचणी अशी : एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्दच निवडला जात नसेल, तर ती पाने म्हणजे स्कॅन केलेले फोटो आहेत. झेरॉक्स सेंटरवर स्कॅन झालेल्या बहुतेक नोट्स अशाच. शब्द निवडला गेला, तर तो कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत पेस्ट करा. नीट मराठी आली तर फाइल युनिकोडची, काम सोपे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असण्याची शक्यता जास्त. असा मजकूर रंगवता येतो, पण त्यात ‘सिंचन’ शोधले तर काहीच सापडत नाही. युनिकोड फाइलमध्येही कधी कधी वेलांटी किंवा जोडाक्षर तुटलेले येते. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार ठेवलेले असतात आणि त्यांवरून मूळ अक्षर ओळखण्याची नोंद अनेकदा अर्धवट असते.

स्कॅन फाइलवर हायलाइटर चालत नाही म्हणून ॲप बदलत बसण्यात अर्थ नाही. पेनचे साधन घ्या, जाडी वाढवा, रंग फिका करा आणि ओळीवरून रेघ ओढा. फोटोवरही ती उमटते. मजकूर शोधायचाच असेल तर फाइल गुगल ड्राइव्हवर टाकून संगणकावरून गुगल डॉक्समध्ये उघडावी. गुगल मराठी अक्षरे ओळखते. चुका राहतात, तक्ते विस्कटतात, त्यामुळे आकडेवारीची पाने तरी मूळ फाइलशी ताडून पाहावीत.

मग घ्यायचे काय?

अँड्रॉइड टॅब असेल तर सुरुवात ॲक्रोबॅट रीडरच्या मोफत आवृत्तीने करावी. हायलाइट, पेन आणि टीप यांना पैसे लागत नाहीत. मूळ मजकूर बदलणे किंवा फाइली जोडणे यांसाठी लागतात, आणि अभ्यासाला त्यांची गरज नसते. आयपॅडवर फाइल्स ॲपमधले मार्कअप पुरेसे आहे.

कोणतेही ॲप असो, पाचशे पानांची आर्थिक पाहणी रंगवायला घेण्याआधी एकाच पानावर तीन खुणा करा : एक हायलाइट, एक रेघ, एक टीप. फाइल डॉक्युमेंट म्हणून दुसऱ्या फोनवर पाठवा आणि वेगळ्या ॲपमध्ये उघडा. तिन्ही दिसल्या तरच पुढे जा. त्यानंतर आठवड्यातून एकदा फाइलची प्रत ड्राइव्हवर ठेवा. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते.

पेनबाबतही गफलत होते. रबरी टोकाचा स्वस्त पेन टॅबला बोटासारखाच वाटतो. तळहात टेकला की पानावर भलत्याच रेघा उमटतात. त्यापेक्षा बोटाने हायलाइट करून टीप टाइप केलेली बरी. लिहायचेच असेल तर टॅब सक्रिय पेनला चालतो का, हे आधी पाहावे. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसोबत पेन खोक्यातच येतो, ॲपलचा पेन्सिल वेगळा विकत घ्यावा लागतो.

सातबारा आणि आधारवर सांभाळून

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर खूण केली, तर तपासणीत ‘स्वाक्षरीनंतर बदल’ अशी नोंद दिसू शकते. गट नंबर अधोरेखित करायचा असेल तर तो प्रतीवर करावा, मूळ फाइल तशीच ठेवावी.

आधार क्रमांकावर पेनने काळी पट्टी ओढणे त्याहून धोक्याचे. पट्टी वरच्या थरावर असते, आकडे खाली शाबूत असतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमधला झाकलेला मजकूर पत्रकारांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला होता. आधारची प्रत कुणाला पाठवायची असेल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे छापलेले असतात.