कोर्लईची घरबोली

कुंडलिका नदी सागरास मिळते, तेथे एका तीरावर रेवदंडा व दुसऱ्या तीरावर कोर्लई वसलेली आहे. रायगड जिल्ह्यातील हे गाव लहान. परंतु त्याची कथा आपण तिरोडीकरांनी अवश्य ऐकावी अशी आहे.

रेवदंडा म्हणजे जुन्या चौल बंदराचा पोर्तुगीज भाग. १५२१ नंतर पोर्तुगिजांनी तेथे किल्ला उभारला. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकून घेतला. पुढे १७४० साली तहान्वये हा सर्व मुलूख मराठ्यांकडे गेला. किल्लेदार गेले, व्यापार बसला, रेवदंड्याची भव्य देवळे ओसाड पडली. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी एक ठेवा मात्र सोडला नाही. तो म्हणजे त्यांची बोली.

पोर्तुगीज सैनिक आणि त्यांची एतद्देशीय कुटुंबे यांच्या नित्य व्यवहारातून ही बोली जन्मास आली. गावकरी तिला 'नोलिंग' म्हणतात; अर्थ एवढाच की 'आमची भाषा'. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. पण वाक्याची घडण मराठीच्या सहवासाने बदलली असून क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येते. या बोलीस ना राजाश्रय, ना शाळा, ना छापखाना. मुले शिकली ती मराठी शाळेत. तरीही मारिया मादुलेनाचे नाव घेणारे जुने गाणे आजीच्या मुखातून नातीच्या मुखात उतरत राहिले. कार्मेल मातेच्या देवळाभोवतीच्या या वस्तीत सुमारे हजार माणसे आजही ही बोली बोलतात.

तथापि वाचकहो, हजार ही संख्या मोठी नव्हे. नोकरीसाठी तरुण शहरात जातात, विवाह गावाबाहेर होतात. एका पिढीतील मातापित्यांनी मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलण्याचे ठरविले, तर अडीचशेहून अधिक वर्षे टिकलेला धागा तेवढ्याने तुटेल.

आपली स्थिती याहून फार निराळी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून आपल्या मराठी घरांतील मुले शाळेत व बाजारात हिंदीच ऐकतात, आणि हिंदी त्यांनी उत्तम शिकावी. परंतु मॅंगनीजच्या खाणीवर आजोबा कसे आले, ती हकीकत रात्री जेवणानंतर मुलांना मराठीतच सांगावी. कोर्लईने याहून अधिक काही केलेले नाही.