रुंद रस्ता, अरुंद वाट

‘रस्ता रुंदीकरण’ हा शब्द महापालिकांच्या मराठीत इतका रुळला आहे की त्यातली लबाडी आता कोणाला खुपत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा ‘पदपथ आखडणे’ असा होतो. मोटारींसाठी रस्ता रुंद होतो आणि चालणाऱ्याच्या वाट्याला विजेची पेटी, जाहिरातीचा खांब व उघडे गटार यांच्यामधली फट उरते. ‘रहदारीला अडथळा’ या शब्दप्रयोगाचेही तेच. रहदारी म्हणजे माणसांची ये-जा. पण पायी जाणारा माणूसच तिच्यातला अडथळा ठरला आहे.

‘ट्रकच्या धडकेत पादचारी ठार’ या परिचित मथळ्यात कर्ता कुठे आहे? चालक नाही, रस्ता आखणारा अभियंता नाही, वेगाला आवर न घालणारी यंत्रणाही नाही. कथनातून कोणाला वगळले आहे हे ओळखायला आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो. तीच नजर या मथळ्याकडे वळवायला हवी, असे आम्हांस वाटते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रोज सरासरी नव्वद. याला ‘अपघात’ म्हणत राहणे ही केवळ भाषेची सोय आहे. वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला की त्याच वाहनाच्या धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते, हे शाळेतले पदार्थविज्ञान आहे.

धोरणांची वाण नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच सांगितले. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले. मग अडते कुठे?

‘हे आपल्याकडे चालत नाही’ असे म्हणणारे पुण्याच्या बीआरटीचा दाखला देतात. डिसेंबर २००६ मध्ये ती कात्रज-स्वारगेट मार्गावर सुरू झाली. पण रस्त्याच्या मध्यावरचा थांबा गाठायला सुरक्षित वाट नसेल आणि बसच्या मार्गिकेत खासगी गाड्या घुसत असतील, तर अपयशी काय ठरले? कल्पना, की अर्धवट अंमलबजावणी? उलट जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केल्यावर लोक तिथे चालतात, बसतात, रेंगाळतात, हेही याच शहरात दिसते.

‘पदपथ फेरीवाल्यांनी व्यापले’ हा दुसरा आक्षेप. फेरीवाल्याला नेमून दिलेली जागा मिळावी यासाठी २०१४ चा कायदा आहे. मात्र दिवसभर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीला अतिक्रमण म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

पालख्या येतात तेव्हा हेच पुणे चालणाऱ्यांसाठी रस्ते मोकळे करते. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. पण हक्काला तिथी नसते. आम्हांला उत्सव नको. सलग पदपथ, वेळेवर येणारी बस, सायकलला निर्वेध मार्गिका आणि जमिनीवरूनच रस्ता ओलांडायची सोय हवी. आजी-आजोबांना पुलाचे जिने चढायला लावून मोटारींचा वेग राखणाऱ्या रचनेला ‘पादचारी सुविधा’ म्हणणे आपण आजपासून थांबवू या.