शंभरापैकी शंभर, पुढे काय?

आपल्या वस्तीतील एखादी मुलगी पाचवीच्या गणिताच्या चाचणीत जूनमध्येच शंभरापैकी शंभर गुण मिळविते आणि वर्षअखेरीसही शंभरच मिळविते. घरी पेढे वाटले जातात, गुरुजी पाठ थोपटतात. परंतु मधल्या काळात ती नवे काय शिकली? प्रगतिपुस्तकास ते सांगता येत नाही. कारण त्याची पट्टी शंभरावर संपते. जमिनीच्या दाव्यात दोन खुणांवाचून अंतर मोजता येत नाही, हे आम्हां वकिलांस ठाऊक असते. हुशार मुलांच्या बाबतीत मात्र एकाच खुणेवर सारा समाज समाधान मानतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ज्यूलियन स्टॅन्ली यांनी १९७२ साली ही अडचण सरळ मार्गाने सोडविली. त्यांनी बारा-चौदा वर्षांच्या हुशार मुलांस महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांची गणिताची परीक्षा दिली. आपापल्या इयत्तेत एकाच रांगेत उभी दिसणारी मुले येथे एकमेकांपासून कितीतरी दूर असल्याचे आढळले. पुढे मात्र असल्या शोधपरीक्षांचे बोलावणे आधीच वरचे गुण असणाऱ्यांस येऊ लागले. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण घेऊन. त्यांस असे बोलावणे आले असते काय? १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी मिळविली, २८२ या आकड्यावर थांबणाऱ्यास मधली सोळा वर्षे कधी दिसलीच नसती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकावर स्पष्ट कर्तव्य टाकते: प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पारखावी, आवश्यक तेथे जादा शिकवावे, आणि प्रगतीची माहिती पालकांस नियमित सभांतून द्यावी. हे कलम मागे पडलेल्यांपुरतेच आहे, असा समज सहज होतो. पण कायद्यात शब्द 'प्रत्येक' असा आहे! सधनाचा मुलगा खासगी वर्गात पुढची पुस्तके वाचतो. रोजंदारीवर जाणाऱ्या मातेच्या मुलीस शाळेवाचून दुसरे दार नाही. येत असलेलीच उदाहरणे ती वर्षभर सोडवीत बसते आणि आपण तिला 'हुशार' म्हणून मोकळे होतो.

तेव्हा येत्या पालकसभेत विचारा: सातवीची प्रश्नपत्रिका तिच्यापुढे जूनमध्ये ठेवली होती काय? वर्षअखेरीस पुन्हा ठेवणार काय? उत्तर मिळाले नाही, तर कलम २४ चा उल्लेख करून मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्यावयास विसरू नका.